हॅलिफॅक्सच्या पलीकडचा काठ

दोन अंकांपूर्वी मी डार्टमथबद्दल दीड पान लिहिलं होतं. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कॉशिया प्रांत आहे, तिथल्या हॅलिफॅक्स बंदराच्या पूर्व काठावरचं हे गाव. मी १९८६पासून इथे राहते, त्याआधी मालवणात. त्या लेखात मी डार्टमथला ‘माजी शहर’ म्हटलं होतं, आणि निम्मी पत्रं त्या दोन शब्दांवरच आली. संपादकांनी त्यातले काही प्रश्न निवडून पाठवलेत. खाडी, होडी, धक्का असा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माजी आमदार ऐकले आहेत. शहर माजी कसं होतं? (एक वाचक, ठाणे)

आमदार होतो तसंच. पद जातं, माणूस तिथेच असतो. डार्टमथची वस्ती १७५०ची. १८७३मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला, आसपासच्या वस्त्या पोटात घेऊन १९६१मध्ये ते शहर झालं. मग प्रांताच्या सरकारने ठरवलं की एका बंदराभोवती चार-चार कारभार नकोत. डार्टमथ, हॅलिफॅक्स, बेडफर्ड आणि हॅलिफॅक्स परगणा असं सगळं एकत्र करून एकच महापालिका केली. तारीख निवडली १ एप्रिल १९९६. एप्रिल फूलचे विनोद पुढे कितीतरी वर्षं ऐकले, हल्ली कुणी करत नाही.

त्या सकाळी मी मुद्दाम खिडकीशी उभी होते. काहीही झालं नाही. महापौर गेले, नगरसभा गेली, पण बसथांब्यावरची माणसं तीच आणि त्यांच्या तक्रारीही त्याच.

पत्त्यात मात्र डार्टमथ अजून आहे, आणि त्याला भावनेपेक्षा व्यवहाराचं कारण मोठं आहे. क्वीन स्ट्रीट हॅलिफॅक्समध्ये आहे, तशी डार्टमथमध्येही आहे. माझी एक मैत्रीण आमच्या क्वीन स्ट्रीटवर राहायची. तिच्या भाच्याने कौतुकाने टॅक्सी केली, चालकाला नुसतं ‘क्वीन स्ट्रीट, हॅलिफॅक्स’ सांगितलं, आणि डिसेंबरच्या थंडीत पाण्याच्या भलत्या बाजूला उतरला. शहर विसर्जित करता येतं, पण रस्त्यांची नावं बदलायची तर अर्धं गाव अंगावर येतं.

तारखांच्या बाबतीत हे गाव आधीपासूनच बिनधास्त. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे ‘नेटल डे’, म्हणजे गावाचा वाढदिवस असतो. १८९५मध्ये रेल्वे येणार म्हणून समारंभाची जय्यत तयारी झाली होती. रुळांचं काम काही वेळेत होईना. तयारी वाया कशाला घालवायची, म्हणून लोकांनी गावाचाच वाढदिवस साजरा केला. तो अजून चालू आहे.

प्रश्न : तुमचा लेख १७५०पासून सुरू होतो. गोरे यायच्या आधी तिथे कुणी नव्हतं का? (एक वाचक, नागपूर)

होतं, आणि मी लिहिलं नाही ही चूक माझी. हा मिगमॉ लोकांचा मुलूख. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव साधारण ‘पुनामुक्वातीच्क’ असं उच्चारतात. टॉमकॉड नावाचा छोटा मासा जिथे मिळतो ती जागा. मालवणच्या माणसाला हे नाव लगेच पटतं. गावाचं नाव राजाच्या नाहीतर सरदाराच्या नावावरून ठेवण्यापेक्षा तिथे कुठला मासा लागतो त्यावरून ठेवलेलं बरं.

१७४९मध्ये इंग्रज गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिसने समोरच्या काठावर हॅलिफॅक्स वसवलं. मिगमॉंना विचारलं नाही. त्याच वर्षी त्याने मिगमॉ माणसांना पकडण्या-मारण्यावर बक्षीस जाहीर केलं. पुढच्या वर्षी ‘अल्डर्नी’ जहाजातून आलेले लोक डार्टमथच्या बाजूला उतरवले, आणि १७५१च्या मे महिन्यात या वस्तीवर मोठा हल्ला झाला. शाळेच्या पुस्तकांत कितीतरी पिढ्या फक्त तो हल्ला शिकवला जाई, बक्षिसाची गोष्ट नंतर आली. हॅलिफॅक्समधला कॉर्नवॉलिसचा पुतळा २०१८मध्ये हलवला. आमच्याकडे मात्र बाजाराची इमारत, बोटीचा धक्का, वाचनालय या सगळ्यांना नाव अल्डर्नीचंच आहे.

मिगमॉंची वस्ती त्यानंतरही उरली होती. गावाच्या उत्तरेला टफ्ट्स कोव्हपाशी टर्टल ग्रोव्ह नावाची. तिचं काय झालं ते पुढच्या उत्तरात येतंच.

प्रश्न : माझे वडील १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाच्या आठवणी सांगत. हॅलिफॅक्सचा स्फोट तसाच होता का? डार्टमथला झळ पोचली का? (एक वाचक, माझगाव, मुंबई)

तुमच्या पत्रामुळे मला एक धागा आठवला. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज कॅनडातच बांधलेलं, पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टमध्ये. दोन्हीकडे महायुद्ध चालू, दोन्हीकडे जहाज दारूगोळ्याचं, आणि दोन्हीकडे आग आधी लागली.

आमच्याकडे ६ डिसेंबर १९१७. बंदराच्या अरुंद भागात, ज्याला इथे ‘नॅरोज’ म्हणतात, ‘माँ-ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज आणि ‘इमो’ हे नॉर्वेचं जहाज एकमेकांवर आदळली. माँ-ब्लाँच्या पोटात टीएनटी आणि पिक्रिक ॲसिड ही स्फोटकं, डेकवर बेंझॉल या ज्वालाग्राही द्रवाची पिंपं. पिंपं फुटली, ठिणगी पडली. खलाशांना आपण कशावर बसलोय ते ठाऊक होतं. ते होड्यांत उड्या टाकून डार्टमथच्या काठाला लागले आणि रानात पळाले. जळतं जहाज वाहत वाहत हॅलिफॅक्सच्या धक्क्याला टेकलं. सकाळची वेळ, पोरं शाळेला निघालेली, बाया खिडकीत उभ्या राहून आग बघत होत्या. नऊ वाजून चार मिनिटांनी जहाज फुटलं. सुमारे दोन हजार माणसं गेली, नऊ हजार जखमी झाली. खिडकीच्या काचा तोंडावर येऊन कित्येकांचे डोळे गेले. दुसऱ्या दिवशी वर बर्फाचं वादळ.

डार्टमथच्या बाजूला वस्ती विरळ, म्हणून मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आसपास राहिला. पण टर्टल ग्रोव्ह स्फोटाच्या अगदी समोर होतं. ते पुसलं गेलं आणि परत वसलं नाही. आज तिथे जवळच वीज केंद्राची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची तीन धुराडी उभी आहेत. डार्टमथ म्हटल्यावर लोक फोटो त्यांचाच काढतात.

इमो लाटेबरोबर आमच्या काठावर येऊन पडलं. ते दुरुस्त झालं, नाव बदलून देवमाशांच्या तेलाच्या धंद्यात लागलं आणि १९२१मध्ये फॉकलंड बेटांपाशी खडकावर गेलं. माँ-ब्लाँच्या तोफेची नळी मात्र अजून बघता येते. ती उडून साडेपाच किलोमीटरवर आल्ब्रो तळ्यापाशी पडली. आता साध्या घरांच्या वस्तीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर चौथऱ्यावर ठेवली आहे. माझी मुलगी तिथून जवळच पियानो शिकायला जायची. तास संपेपर्यंत मी त्या नळीपाशी उभी राहायची. हिवाळ्यात लोखंडाला उघडा हात लावला तर कातडं चिकटतं. समोरच्या अंगणात कुणीतरी बर्फ उपसत असायचं. इथे उभं राहून बंदर दिसतही नाही, इतकी ती जागा लांब आहे.

प्रश्न : दाभोळ-धोपाव्यासारखी फेरीबोट तिथे आहे का? घोड्यांची बोट असा उल्लेख तुम्ही केला होता, ती छपाईची चूक होती का? (एक वाचक, दापोली)

चूक नाही. या फेरीचा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण नोकरीची सत्तावीस वर्षं मी रोज दोनदा तिच्यातून गेले.

१७५२मध्ये जॉन कॉनर नावाच्या माणसाला सरकारने लोकांना पलीकडे न्यायचा परवाना दिला, तेव्हापासून ही फेरी चालू आहे. खाऱ्या पाण्यावरची उत्तर अमेरिकेतली सगळ्यात जुनी फेरी म्हणून तिचा मान आहे. आधी वल्ह्या-शिडाच्या होड्या. १८१६मध्ये आली ‘टीमबोट’. दोन होड्या शेजारी-शेजारी जोडून वर एकच डेक, दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी कापणारं चाक. डेकवर घोडे गोल गोल फिरत, घाण्याला बैल जुंपतात तसे, आणि त्यावर ते चाक फिरे. समुद्रावर घाणा! वाऱ्याची वाट बघायला नको, एवढा मोठा फायदा. १८३०मध्ये ‘सर चार्ल्स ओगल’ ही वाफेची बोट आली आणि घोडे सुटले.

तुमच्या धोपाव्याच्या बोटीत गाड्या चढतात. आमच्याही चढत, पण १९५५मध्ये पूल झाला आणि पुढे फेरी फक्त माणसांची उरली. बारा मिनिटांचा प्रवास. या बोटींना पुढचं-मागचं नसतं, दोन्ही टोकं सारखी. जाताना ज्या टोकाला लाटा फुटतात, येताना त्याच टोकाला फेस मागे राहतो, बोट वळतच नाही. नवी पाहुणी माणसं ‘पुढची’ जागा धरायला धावतात तेव्हा आम्ही जुने प्रवासी वर्तमानपत्रात तोंड घालून हसतो. धक्क्याला लागताना बोट एकदा हलकेच ढुशी देते. माझे गुडघे अजून त्या ढुशीआधी आपोआप वाकतात.

बोटींची नावं वाचण्यासारखी आहेत. एक ‘व्हिन्सेंट कोलमन’. स्फोटाच्या दिवशी पळून न जाता, येणारी गाडी थांबवा असा तारेने निरोप देत राहिलेला आणि त्यात मेलेला रेल्वेचा तारबाबू. एक ‘व्हायोला डेस्मंड’. १९४६मध्ये चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून उठायला नकार देणारी हॅलिफॅक्सची कृष्णवर्णीय उद्योजिका, आता ती दहा डॉलरच्या नोटेवरही आहे. आणि एक ‘रीटा जो’, मिगमॉ कवयित्री.

प्रश्न : आजी, तिथे बारा महिने बर्फावर स्केटिंग करता येतं का? (इयत्ता सहावी, पुणे)

नाही रे बाळा. जानेवारी-फेब्रुवारीत तळी गोठली तर करता येतं, आणि तेही बर्फ पुरेसा जाड आहे असं सांगितल्यावरच. पण स्केटची गंमत सांगते. पूर्वी ते बुटाला चामड्याच्या वाद्यांनी बांधायचे. बोटं गारठलेली असताना वादीची गाठ मारून बघ म्हणजे कळेल. १८६०च्या दशकात डार्टमथच्या स्टार कारखान्यात जॉन फोर्ब्सने खटक्याचा स्केट काढला. बूट ठेवायचा, खटका दाबायचा, झालं. मूळचा खिळ्यांचा तो कारखाना जगभर स्केट विकायला लागला. १९३९पर्यंत तिथे स्केट बनत होते.

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. तुमच्या लेखात ‘होड्या रुळांवरून चढवणारा कालवा’ असं एक वाक्य आहे आणि पुढे काहीच नाही. असं अर्धवट लिहू नये. (एक वाचक, सांगली)

कबूल. दीड पानात बसवताना कात्री तिथेच लागली.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. नोव्हा स्कॉशिया म्हणजे समुद्रात घुसलेली लांबट जमीन. एका अंगाला अटलांटिक आणि हॅलिफॅक्स बंदर, दुसऱ्या अंगाला फंडीचा उपसागर, जिथली भरती जगात सगळ्यात उंच. मध्ये तळ्यांची माळ, आणि त्यातून निघून फंडीकडे जाणारी शुबेनाकेडी नदी. मिगमॉ लोक शेकडो वर्षं याच वाटेने होड्या नेत, मधल्या कोरड्या तुकड्यात होडी खांद्यावर घेत. इंग्रजांना वाटलं, एवढे तुकडे खोदले की गलबतं इकडून तिकडे जातील. वाट सगळी मिळून ११४ किलोमीटर.

१८२६मध्ये लॉर्ड डलहौसीने पहिली कुदळ मारली. (आपला खालसावाला डलहौसी याचाच मुलगा.) स्कॉटलंडहून पाथरवट आणले, ग्रॅनाइटचे घडीव लॉक बांधायला काढले. लॉक म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते : दोन्हीकडे दारं असलेला पाण्याचा हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरलं की होडी वर, सोडलं की खाली. काम देखणं होतं, पण खर्च हाताबाहेर गेला, इथल्या थंडीने बांधकामाला दणके दिले आणि १८३१मध्ये कंपनी बुडाली. वीस-बावीस वर्षं सगळं तसंच पडून राहिलं.

१८५४मध्ये दुसऱ्या कंपनीने हात घातला तेव्हा पैसे कमी आणि अक्कल जास्त होती. डार्टमथला बंदरापासून वरच्या तळ्यांपर्यंत एकदम मोठा चढ आहे. तिथे लॉकमागून लॉक बांधण्याऐवजी त्यांनी उतारावर रूळ टाकले. रुळांवर एक मोठा पाळणा. पाळणा रुळांवरून थेट पाण्याखाली जायचा, होडी तरंगत त्याच्यावर यायची, मग तारेचा दोर पाळण्याला होडीसकट ओढून टेकाडावर न्यायचा आणि पलीकडच्या तळ्यात अलगद उतरवायचा. दोर ओढायला इंजिन नव्हतं. वरच्या तळ्याचंच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. म्हणजे खाली येणारं पाणी वर जाणाऱ्या होडीला ओढतंय! साहेब, तुम्हाला हे नक्की आवडेल. असे दोन उतार केले, एक डार्टमथला आणि एक आत पोर्टो बेलोला.

१८६१मध्ये कालवा पुरा झाला. तोवर हॅलिफॅक्सहून फंडीच्या बाजूच्या ट्रूरो गावाला रेल्वे जाऊन तीन वर्षं झाली होती. १८७०मध्ये कालवा बंद. चव्वेचाळीस वर्षांची धडपड आणि वापर जेमतेम नऊ वर्षं. डार्टमथच्या उताराचं पाणी पुढे स्केटवाल्या स्टार कारखान्याने वापरलं, एवढा त्याचा पुनर्जन्म.

आता काय दिसतं? शुबी पार्कमध्ये दुसरा आणि तिसरा लॉक नीट करून ठेवलेत. ऑक्टोबरात संध्याकाळी गेलात तर तिसऱ्या लॉकच्या काठावर बसा. दगडावर शेवाळ, मधून मेपलची लाल पानं हळूहळू वाहत जातात. ग्रॅनाइट इतका नेमका बसवलाय की काही ठिकाणी सांध्यात नखही जात नाही. मी घालून पाहिलंय. तिथून पुढे ‘डीप कट’ नावाचा खोल चर आहे, हाताने खोदलेला. त्यात उन्हाळ्यात पोरं कयाक चालवतात.

प्रश्न : तिथल्या पुलाला शाप आहे असं आंतरजालावर वाचलं. खरं? (एक वाचक, कोल्हापूर)

दंतकथा अशी : तीन पूल पडतील, एक वाऱ्यात, एक शांततेत, एक मोठ्या संहारात. पहिले दोन खरोखर गेले. नॅरोजवरचा रेल्वेपूल १८९१च्या वादळात मोडला, दुसरा १८९३मध्ये वाहून गेला. १९५५मध्ये मॅकडॉनल्ड पूल खुला झाला तेव्हा शाप उतरवण्याचा विधीही केला. माझे यजमान पुलांच्याच कामातले. त्यांचं म्हणणं, लाकडी खांबांवर स्वस्तात पूल बांधला की शापाची वेगळी गरज पडत नाही.

या पुलाची खरी नवलाई वेगळी आहे. २०१५ ते २०१७ या काळात त्याचा सगळा डेक, तुकडा-तुकडा करून, रात्री काढून नवा बसवला आणि दिवसा वाहतूक चालू ठेवली. आम्ही पोहे खाऊन त्यावरून जायचो तेव्हा पहाटे बसवलेला तुकडा चाकाखाली ओळखू यायचा. टोलही आता नाही, २०२५च्या मार्चमध्ये बंद झाला.

प्रश्न : ताई, माझी लेक हॅलिफॅक्सला शिकायला येते आहे, पण खोली डार्टमथला मिळाली आहे. लोक म्हणतात तो भाग बरा नाही. तिने काय पाहावं, काय सोबत आणावं? (एक वाचक, नाशिक)

हॅलिफॅक्सची माणसं आम्हाला ‘डार्क साइड’ म्हणतात. आमच्या पोरांनी तेच टी-शर्टवर मिरवायला घेतलं. खोलीचा रस्ता, बसथांबा आणि घरमालक बघा, गावाच्या नावावर जाऊ नका. तिला फेरीने जाता आलं तर रोज बारा मिनिटं समुद्र मिळेल.

पहिल्या मोकळ्या शनिवारी तिने अल्डर्नी लँडिंगच्या बाजारातून सुरुवात करावी. मग ऑक्टरलोनी रस्त्यावरचं क्वेकर हाउस. अमेरिकन क्रांतीनंतर अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरून देवमासे मारणारे क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक इथे आले, तेव्हाचं, १७८५-८६चं घर. पिंपं बनवणाऱ्या विल्यम रे नावाच्या कारागिराचं. १७९२मध्ये बहुतेक मंडळी वेल्सला निघून गेली, घर राहिलं. दुपारी सुलिव्हन्स पाँडवर जावं, पण तिथल्या हंसांना आणि बदकांना ब्रेड घालू नये, आणि डबा तर मुळीच उघडू नये. वर बनूक तळ्यावर कनूच्या शर्यती चालतात. २००९ आणि २०२२ची जागतिक स्पर्धा याच पाण्यात झाली. वेळ उरला तर एव्हरग्रीन हाउस. डार्टमथमध्ये जन्मलेली हेलन क्रायटन तिथे राहायची. मच्छीमारांच्या घराघरांत जाऊन तिने हजारो लोकगीतं आणि भुतांच्या गोष्टी गोळा केल्या. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी जे केलं त्या जातीचं काम.

सोबत आणायचं म्हणाल तर जाड कोट तिथून आणू नका, तो इथेच घ्यावा. समई मात्र आणू द्या, आणि वाती. २००३च्या नवरात्रात, २८ सप्टेंबरच्या मध्यरात्री, ‘हुआन’ चक्रीवादळ बंदरावर आलं. आमच्या गल्लीतली झाडं मुळासकट आडवी झाली, वीज आठवडाभर नव्हती. घट बसलेले होते म्हणून आमच्याकडे तेवढा दिवा चालू होता. समोरची म्हातारी मार्गारिनच्या डब्यात मेणबत्ती घेऊन आली आणि म्हणाली, तुमच्याकडे काडेपेटी असेल असं वाटलंच. बसली मग माळ होईपर्यंत.